जपानमधे काय बघायचं आणि काय सोडायचं : आई, नवरा आणि मी

जपानची तिकिटं काढणं सोपं गेलं, तिथे जाऊन करायचं काय यावर मात्र घरात रोज रात्री जेवताना वाद. देवळं, बुलेट ट्रेन, फुजी हे सगळेच बघतात ते ठीक, पण ‘पारंपरिक अनुभव’ म्हणून नेटवर जी यादी येते ती संपतच नाही. चहाचा विधी, किमोनो घालून फोटो, सुमो, काबुकी, नो, बुनराकू असे नाटकाचे प्रकार, मायकोंचं (म्हणजे शिकाऊ गेइशांचं) नृत्य, गरम झऱ्यात आंघोळ, मठात मुक्काम, सामुराईसारखी तलवार फिरवणं, निन्जाचे काळे कपडे घालून लोखंडी चांदण्या फेकणं (हो, हेही आहे आणि त्याला रांगा असतात). बहुतेक गोष्टींना माणशी तीन-चार हजार येन आणि पुढे कितीही. शंभर येन म्हणजे साठ रुपयांच्या आसपास धरा, माणसं तीन, मांडा हिशोब.

त्यात आमची टीम अशी की नवरा कोल्हापूरचा, त्याला सुमो म्हणजे सुमोच. आई सत्तरीच्या पुढची, उत्साह माझ्या दुप्पट पण गुडघे कामातून गेलेले, आणि शुद्ध शाकाहारी, म्हणजे मासळीचं पाणीसुद्धा चालायचं नाही. मी मधे.

शेवटी मी एक चाळणी काढली. आपण गेलोच नसतो तरी ती गोष्ट त्या दिवशी तिथे झालीच असती का? झाली असती तर जायचं, आपल्यासाठीच कोणीतरी मांडून ठेवली असेल तर सोडायची. नवरा म्हणाला, म्हणजे निन्जा बाद, सुमो पास, मला चालतंय. आई म्हणाली, बघू तिथे जाऊन. ही चाळणी कुठपर्यंत टिकली ते पुढे येईलच.

रविवार, टोकियो

शनिवारी रात्री पोचलो होतो, त्यामुळे रविवार आसाकुसात रेंगाळण्यात गेला. सेन्सोजीच्या देवळात तुफान गर्दी, त्यातल्या निम्म्या पोरी भाड्याच्या किमोनोत. आईने उभ्या उभ्या सगळ्यांची तपासणी केली, ही नेसलीय नीट, हिचा पट्टा सैल पडलाय. किमोनोत डावी बाजू नेहमी उजवीच्या वर येते, उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात, हे मी तिला सांगितलं आणि मग ती दिवसभर प्रत्येकीची डावी-उजवी बघत बसली. आपण घालायचा का, तर ती म्हणे मला नऊवारी सोडून हे कशाला, आणि नेसायला तासभर, परत द्यायला संध्याकाळी पळापळ, मधे चालायचं चिमणीच्या पावलांनी. बाद. माझी थोडी इच्छा होती खरं तर, पण दोन विरुद्ध एक.

खाण्याचं एवढंच सांगते की जपानमधे अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी, ते सूपमधे असतं, भाजीत असतं, नूडल्सच्या रश्श्यात असतं. वर टोफू तरंगत असला तरी खाली मासा असतोच. आईचा टोकियोतला आधार म्हणजे कॉम्बिनीतली (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली) ओनिगिरी, म्हणजे आत उमेबोशी हे आंबट खारवलेलं फळ घातलेला भाताचा गोळा, आणि आपले थेपले.

दुपारी बाराला मी फोन घेऊन बसले, कारण काबुकीच्या एका अंकाची तिकिटं आदल्या दिवशी दुपारी बाराला उघडतात.

सोमवार, काबुकी

ही एका अंकाची सोय मला फार आवडली. काबुकीचा पूर्ण खेळ म्हणजे मधली सुट्टी धरून चार-पाच तास, तिकीटही चांगलंच महाग. पण गिन्झाच्या काबुकीझामधे सगळ्यात वरच्या चौथ्या मजल्यावर फक्त एक अंक बघायचं तिकीट मिळतं, अंकाप्रमाणे किंमत बदलते, साधारण हजार-दोन हजार येन. थिएटरची आत्ताची इमारत २०१३ ची, कुमा केंगो या आर्किटेक्टची, बाहेरून जुन्यासारखीच ठेवलेली. लिफ्ट आहे, गुडघे वाचले.

वरून हानामिची, म्हणजे प्रेक्षकांच्या मधून रंगमंचाकडे जाणारी ती लांब वाट, थोडीशीच दिसते आणि नटाची एंट्री तिथून झाली की खालच्या मजल्यावरून आधी खसखस ऐकू येते, मग आपल्याला माणूस दिसतो. उजव्या कोपऱ्यात एक माणूस गुडघ्यावर बसून लाकडाचे दोन ठोकळे फळीवर बडवत असतो. नट धावला की ठकठकठकठक, आणि नट एखाद्या पवित्र्यात थिजला, डोळे तिरळे केले, की शेवटचे दोन जोरदार ठोके. मी नाटक सोडून त्या माणसाकडेच बघत होते बराच वेळ, त्याची नजर नटाच्या पायांवरून हलत नव्हती. आणि आमच्या मागून एक म्हातारे गृहस्थ मधेच खड्या आवाजात ओरडले. दचकलोच आम्ही. ते त्या नटाच्या घराण्याचं नाव घेऊन दाद देत होते, ही तिथली जुनी पद्धत आहे आणि ती बरोबर क्षणालाच द्यावी लागते. आई लगेच सरसावून बसली, वन्स मोअरची सवय असलेली बाई आहे ती.

बायकांची कामं पुरुष करतात हे तिला माहीत होतं, पण समोर बघितल्यावर गप्प झाली. मानेची ती जराशी कलती रेघ, बाहीत लपलेले हात. बाहेर आल्यावर म्हणाली, आमच्या अण्णांनी बालगंधर्वांना बघितलेलं, ते सांगायचे तेव्हा वाटायचं वाढवून सांगतायत. आपल्याकडे ती परंपरा बायका रंगभूमीवर आल्यावर संपली, इथे १६२९ साली सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी घातली आणि आज बंदी नसली तरी मोठ्या रंगमंचावर ओन्नागाता, म्हणजे बायकांची कामं करणारे नट, पुरुषच. गंमत अशी की काबुकी सुरू केली ती एका बाईनेच, इझुमो नो ओकुनी, क्योटोत कामो नदीच्या काठी, १६०३ च्या सुमाराला. हे सांगितल्यावर आई म्हणाली, असंच असतंय.

नो नाट्य आम्ही सोडलं. एक माणूस एक पाऊल टाकायला पाच मिनिटं घेतो, असं नवऱ्याने कुठेतरी वाचलेलं. मला बघायचं होतं, पण झोपलेल्या दोन माणसांच्या मधे बसून नको. ओसाकाच्या बुनराकूच्या बाहुल्या, ज्यातली एकेक तीन-तीन माणसं मिळून नाचवतात, त्याच्या तारखा जुळल्या नाहीत.

मंगळवार, सुमो

ज्यांना सुमो बघायचाय त्यांनी आधी कॅलेंडर बघा, मग विमान. मोठ्या स्पर्धा वर्षातून सहाच, प्रत्येक पंधरा दिवसांची. टोकियोत जानेवारी, मे आणि सप्टेंबर, मार्चमधे ओसाका, जुलैत नागोया, नोव्हेंबरात फुकुओका. तिकिटं साधारण महिनाभर आधी उघडतात आणि हल्ली उडतात. मधल्या महिन्यात गेलात तर पर्याय दोन, एखाद्या आखाड्यातला सकाळचा सराव, किंवा निवृत्त पैलवानांचा पर्यटकांसाठीचा जेवणासकटचा शो. दुसरं माझ्या चाळणीत बसत नाही. पहिलं बसतं, पण तिथे जमिनीवर मांडी घालून दोन तास हूं की चूं न करता बसायचं.

खाली रिंगणाजवळ चौघांचे गादीवाले चौकोन असतात, तेही जमिनीवरच. म्हणून आम्ही वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या घेतल्या आणि पस्तावलो नाही, ऱ्योगोकूचं कोकुगिकान असं बांधलंय की वरूनही सगळं दिसतं. दोनच्या सुमाराला गेलो. सकाळपासून खालच्या दर्जाच्या कुस्त्या चालू असतात, तेव्हा हॉल अर्धा रिकामा, लोक डबे खातायत, कोणीतरी आपल्या गावच्या पोराच्या नावाने ओरडतंय. वरच्या गटाचे पैलवान पावणेचारच्या पुढे नक्षीचे लंगोट लावून येतात, मग योकोझुनाचा, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या पैलवानाचा, तो पाय उचलून आपटण्याचा विधी, पाय खाली आला की आख्खा हॉल एका आवाजात योइशो.

कुस्ती स्वतः काही सेकंदांची. त्याआधी मीठ उधळणं, बसणं, रोखून बघणं, उठून परत जाणं, पुन्हा मीठ, वरच्या गटात याला चार मिनिटांपर्यंत मुभा आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या खासबाग मैदानाच्या भक्ताला हे आधी अजिबात पटेना, अरे धरा की एकमेकाला! पण तासाभरात त्याला नाद लागला. तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला किंवा पाय रिंगणाबाहेर पडला की खेळ खलास, वजनी गट नाहीत, त्यामुळे शंभर-सव्वाशे किलोचा पोरगा पावणेदोनशे किलोच्या डोंगराखाली घुसून त्याला कडेला फिरवून बाहेर काढतो तेव्हा खुर्चीत बसवत नाही. मुख्य पंचाच्या कमरेला खंजीर असतो, निकाल चुकला तर पोट फाडून घेईन अशा अर्थाचा. आता अर्थात कोणी फाडत नाही, राजीनामा देऊ करतात.

आईने एकच विचारलं, मधे झाडू मारायला, पाणी द्यायला सगळे पुरुषच कसे? तर त्या मातीच्या रिंगणात बाईने पाय ठेवायचा नाही. २०१८ मधे मायझुरू गावात प्रदर्शनी सामन्याच्या वेळी तिथले महापौर रिंगणातच कोसळले, त्यांना वाचवायला बायका धावून वर गेल्या तर लाउडस्पीकरवरून बायकांनी खाली उतरा अशी घोषणा झाली. नंतर सुमो संघटनेच्या प्रमुखांनी माफी मागितली, पण नियम आहे तोच आहे. आई म्हणाली, मग मीठ कशाला टाकतात एवढं, शुद्ध व्हायला ना? नवरा म्हणाला, आई, तुम्ही हळू बोला. मराठीत कोणाला कळणार होतं.

शेवटची कुस्ती सहाच्या आसपास. लगेच उठू नका, त्यानंतर एक पैलवान धनुष्य फिरवतो, ते बघून मग उठा.

बुधवार, क्योटो

शिनकान्सेनने सव्वादोन तास. फुजी ढगात. संध्याकाळी गिओन या मायकोंच्या जुन्या वस्तीत गेलो आणि तिथे मला कसंतरीच झालं खरं सांगायचं तर. लाकडी घरांच्या गल्ल्या, कंदील, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे रोखून उभी असलेली माणसं, मायको दिसली की धावायला तयार. २०२४ पासून तिथल्या खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्यायत, दहा हजार येन दंडाची पाटी आहे, तरी लोक डोकावत असतात. ती मुलगी कामावर निघालेली असते हो. पंधरा-सोळाव्या वर्षी घर सोडून नाच, शामिसेन हे तंतुवाद्य, चहा शिकायला लागलेली.

त्यांची कला बघायची तर रस्त्यात नाही, थिएटरात बघायची, हे ठरलं. पर्याय तीन. गिओन कॉर्नर म्हणून एक शो आहे, त्यात तासाभरात चहा, फुलांची मांडणी, कोतो हे तंतुवाद्य, दरबारी संगीत, क्योगेन हे विनोदी नाट्य, क्योटोचं नृत्य असं सगळं चमचा चमचा वाढतात. दुसरं म्हणजे मायकोबरोबर जेवण, त्याचे दर बघून नवऱ्याने फोन बंद केला. तिसरं, वसंतातले जाहीर नृत्याचे खेळ, एप्रिलमधे गिओनचा मियाको ओदोरी आणि मे मधे पोन्तोचो या तशाच दुसऱ्या वस्तीचा कामोगावा ओदोरी. मे होता, म्हणजे उत्तर मिळालं. शुक्रवारचं तिकीट काढलं.

परत येताना शिजो पुलापाशी ओकुनीचा पुतळा दिसला, समोरच मिनामिझा हे काबुकीचं थिएटर, ज्यात तिने काढलेल्या नाटकात बायका नाहीत. आईने तिथे फोटो काढून घेतला, ट्रिपमधला एकमेव फोटो जो तिने स्वतः मागितला.

गुरुवार, आओई मात्सुरी आणि मिठाई

१५ मे, आओई मात्सुरी या उत्सवाच्या मिरवणुकीचा दिवस. पाऊस पडला तर सगळं दुसऱ्या दिवशी जातं, पडला नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातले कपडे घातलेली पाचशेवर माणसं, घोडे, बैलगाड्या, सकाळी साडेदहाला जुन्या राजवाड्यातून निघतात, शिमोगामो देवळात जातात आणि तिथून दुपारी कामिगामोला. सहाव्या शतकात वादळ-पावसाने पिकं जात होती म्हणून सुरू झालेला उत्सव. राजवाड्यात आणि शिमोगामोत पैसे देऊन खुर्च्या मिळतात, रस्त्यावर फुकट. आम्ही आईसाठी खुर्च्या घेतल्या.

मिरवणूक म्हणजे आवाज, ही आपली सवय. इथे ढोल नाही, ताशा नाही, घोषणा नाही. प्रत्येकाच्या टोपीवर, घोड्याच्या लगामावर आओईची हिरवी पानं खोचलेली. गर्दी कुजबुजते. आणि लांबून एक करकर, करकर ऐकू यायला लागली, वाढत गेली, तर ती जांभळ्या वेलीच्या फुलांनी मढवलेली बैलगाडी, लाकडी चाकं माणसापेक्षा उंच, आणि त्या चाकांचा आवाज हेच काय ते संगीत. बैल काळाभोर, त्याच्याबरोबर चालणारा पोरगा घामाघूम. नवरा म्हणाला वंगण नाही का टाकत, मी म्हटलं गप बस.

इथे माझी चाळणी शंभर टक्के जिंकली, आपल्यासाठी काहीही मांडलेलं नाही. पण दुपारी वागाशी, म्हणजे पारंपरिक जपानी मिठाई, करायच्या क्लासला जायचं होतं, तो सरळसरळ पर्यटकांसाठी. तो आईने निवडलेला, कारण घरी असताना तिने वाचलं होतं की या मिठाईत बहुतेक वेळा दूध, तूप, अंडं काही नसतं, पांढऱ्या घेवड्यासारख्या शेंगेचं गोड पुरण आणि तांदळाचं पीठ, बास.

लांब टेबल, उंच स्टुलं, आमच्याबरोबर एक फ्रेंच जोडपं आणि ओसाकाहून आलेल्या चार जपानी मैत्रिणी. शिकवणाऱ्या काकू साठीच्या. गुलाबी आणि पांढरा असे दोन गोळे दिले, गुलाबी हातावर चपटा करून त्यात पांढरा असा दाबायचा की रंग आतून पुसट दिसावा, मग लाल पुरणाची गोळी आत ठेवून फिरवत फिरवत तोंड बंद करायचं. आईच्या हातात तो गोळा पडला आणि बोटं आपोआप चालायला लागली, डाव्या हाताची वाटी, उजव्याचा अंगठा आत, कड पातळ, मोदकाची पारी करतात तसंच. काकू तिच्यापाशी येऊन थांबल्या. मग त्रिकोणी लाकडी पट्टीने पाकळ्यांच्या रेघा ओढायच्या होत्या, आईने पाच सांगितल्या तिथे अकरा ओढल्या आणि वरून चिमटी काढली. काकूंनी तिचा मोदक सगळ्यांना दाखवला. जपानीत काहीतरी विचारलं, आईने मराठीत सांगितलं, गणपतीला करतो आम्ही, आणि दोघी एकमेकींकडे बघून मान हलवत राहिल्या. माझं फूल बसकं झालं, नवऱ्याचं हॅम्बर्गर.

शुक्रवार, चहा आणि नाच

चहाच्या विधीत निवड कठीण, क्योटोत पावलोपावली आहे. तीन हजारात पंचेचाळीस मिनिटांत उरकणारे, दहा-पंधरा हजारात बागेतल्या खऱ्या चहाघरात नेणारे. आणि काही देवळांत काही न शिकवता नुसता एक वाडगा माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, आणि एक मिठाई ओसरीवर आणून देतात आणि बसा म्हणतात बागेकडे बघत. क्योटोजवळच्या ओहारातल्या होसेनइन देवळात तर ते प्रवेशाच्या तिकिटातच येतं. वेळ कमी, पैसे कमी असतील तर माझं मत सरळ ओसरीला.

पण आईला विधी बघायचा होता. आणि वज्रासनात पाऊण तास बसणं तिला शक्य नाही. जुन्या पद्धतीच्या चहाघराचं दार तर जेमतेम दोन-सव्वादोन फुटी, वाकून रांगत आत जायचं, सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवून. चहाचा गुरू सेन नो रिक्यू याने सोळाव्या शतकात ही शिस्त घालून दिली असं मानतात. त्यालाच पुढे तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५९१ मधे आत्महत्येचा हुकूम दिला. मग मला टेबल-खुर्चीवर चहा करणारं एक ठिकाण सापडलं, आणि मी मनात म्हटलं, झालं, पर्यटकांसाठी केलेली सोय.

यजमान बाईंनी हळूहळू इंग्रजीत सांगितलं की ही खुर्चीची पद्धत, र्यूरेई, १८७२ मधली आहे. १८६९ ला राजधानी टोकियोला गेली, क्योटो ओस पडायला लागलं, म्हणून मोठं प्रदर्शन भरवलं, परदेशी पाहुणे येणार, त्यांना जमिनीवर बसता येत नाही, म्हणून चहाच्या उरासेन्के घराण्याच्या अकराव्या प्रमुखांनी टेबल तयार केलं. म्हणजे पर्यटकांसाठीच की! फक्त दीडशे वर्षं झाली, आणि आता गुडघे दुखणारे जपानी आजी-आजोबाही तसाच चहा घेतात.

आधी मिठाई संपवायची, मग चहा. बांबूच्या छोट्या रवीने फेस काढायचा तो मनगटाने, हाताने नाही, आवाज शिरशिर असा. वाडग्याची नक्षीची बाजू आपल्याकडे ठेवून देतात, आपण तो दोनदा फिरवून नक्षी बाजूला करून प्यायचा. कडू आहे का तर आहे, पण आधीच्या मिठाईमुळे तोंड तयार असतं. आईला चहा नाही आवडला, सगळा प्यायली मात्र. बाईंनी फडकं घडी घालायची जी पद्धत होती ती तिला जास्त आवडली, परत करून दाखवा म्हणाली. दुकानात माचा घ्यायला गेलो तर एका माणसाला एकच डबा, जगभर मागणी इतकी वाढलीय.

दुपारी पोन्तोचो, १९२७ चं थिएटर, नदीला लागून. कामोगावा ओदोरी बघायला आलेल्या प्रेक्षकांत परदेशी कमी, किमोनोतल्या बायका जास्त, आणि त्या एकमेकींना दुर्बिणी देत होत्या. पहिला भाग नृत्यनाट्य, भाषा कळली नाही, गोष्ट बऱ्यापैकी कळली. दुसऱ्यात नुसतं नृत्य. इथे पुरुषांचीही कामं बायका करतात, आईने माझ्याकडे बघून भुवई उडवली. माहितीपत्रात वाचलं, हाही खेळ सुरू झाला १८७२ च्या त्याच प्रदर्शनासाठी, गिओनचा मियाको ओदोरीही तेव्हाचाच. माझी चाळणी तिथेच नदीत गेली. नवरा म्हणाला, म्हणजे आता तलवार?

शनिवार, कोयासान

गरम झऱ्याचं गाव की मठ, असा प्रश्न होता. किनोसाकीला सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत, युकाता हा सुती किमोनो घालून एकातून दुसऱ्यात फिरायचं, मला फार मोह होता. पण तिथल्या जेवणात खेकडा आणि मासळी, आणि मठात जेवण शोजिन र्योरी, म्हणजे मांस-मासे नाहीत, दाशी शैवाल आणि मशरूमची, कांदा-लसूणसुद्धा नाही. आईचं पोट जिंकलं.

ओसाकाच्या नाम्बाहून नानकाईची गाडी दीड तास, मग पाच मिनिटं खड्या चढाची केबल कार, मग बस. आठशे मीटर उंची, थंडी वाजली. बौद्ध भिक्षू कुकाई ऊर्फ कोबो दाइशी यांनी ८१६ साली हे स्थान वसवलं, आज ११७ मठ, त्यातले पन्नासच्या आसपास मुक्काम देतात, माणशी पंधरा-वीस हजार येन, दोन जेवणं धरून. बस न्योनिन्दो या बायकांच्या देवळापाशी येते तेव्हा बघा. बायकांना यापुढे प्रवेश नव्हता, इथूनच हात जोडून परत जायचं. ती बंदी सरकारने उठवली, कधी तर १८७२! प्रत्यक्षात मोकळीक मिळायला विसावं शतक उजाडलं.

संध्याकाळी ओकुनोइन, इथली स्मशानभूमी. दोन किलोमीटरची वाट, प्रचंड देवदार, दोन लाखांवर थडगी. नोबुनागा हा सत्ताधीश आणि चहावाल्या रिक्यूचा तो हिदेयोशी इथे आहेत, वर्षानुवर्षं एकमेकांशी लढलेले सरदार ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिनही जवळजवळ आहेत. मधेच एका कंपनीचं रॉकेटच्या आकाराचं स्मारक, आणि वाळवी मारणाऱ्यांनी मेलेल्या वाळवीसाठी उभारलेलं एक. नवऱ्याला हे बेहद्द आवडलं.

शेवटच्या पुलापलीकडे फोटो बंद. तिथे आत कुकाई ८३५ पासून ध्यानात बसलेत, गेलेले नाहीत, अशी श्रद्धा, आणि रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्यांना जेवण नेतात. आईला यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच. आळंदीसारखं, ती म्हणाली, आणि चप्पल काढायला निघाली, मी म्हटलं आई इथे काढत नाहीत. चीनमधे असताना कुकाईंनी भारतातून आलेल्या प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकलेलं, थडग्यांवरच्या पाट्यांवर अजूनही आपल्या अक्षरांची चुलत भावंडं दिसतात.

जेवणात गोमा-दोफू, म्हणजे तिळाचा मऊ चौकोन, वर वसाबीचा ठिपका, कोया-दोफू हा गोठवून सुकवलेला टोफू, रानभाज्यांची भजी, लोणचं, भात. आठवड्यानंतर आई न विचारता जेवली.

मठात आंघोळ सामाईक, बायकांची वेगळी. कपडे काढून सगळ्यांसमोर? नाही गं बाई. मी एकटी गेले. बाहेर स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं, मगच कुंडात उतरायचं, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पाच मिनिटांत दार सरकलं आणि आई आली, म्हणाली खोली गार पडलीय. अर्धा तास बाहेर निघेना.

रविवार, होम आणि ओसाका

सकाळी साडेसहाला प्रार्थना, मग गोमा. हा सरळ आपला होमच, चीनमार्गे इथे आलेला. मधे वेदी, समिधांचा चौथरा रचलेला, एक तरुण भिक्षू पळीने तेल सोडतोय, दुसरा मोठा ढोल असा बडवतोय की छातीत वाजतं. आपली इच्छा लिहिलेल्या लाकडाच्या पट्ट्या त्यात जाळतात, तीनशे-पाचशे येनला एक. ज्वाळा छतापर्यंत. जपानी कुटुंबं, जर्मन मुलगा, आम्ही, सगळ्यांच्या डोळ्यांत धूर. आईने पट्टीवर मराठीत लिहिलं, दाखवलं नाही. तिला आमच्या मागे एका खुर्चीवर बसवलेलं, न मागता दिली होती. ज्यांचे आईवडील सत्तरीत आहेत त्यांना सांगते, खुर्ची मागा, बहुतेक ठिकाणी मिळते.

दुपारी ओसाका. नवऱ्याने शेवटी तलवारीचा क्लास गाठलाच, हाकामा ही ढगळ विजार घालून, भिजवून गुंडाळलेल्या चटईची वळकटी कापायची. तीन वारांत कापली म्हणाला, व्हिडिओत चार दिसतात. खूष होता.

आम्ही दोघी दोगुयासुजीत, ही नाम्बाजवळची भांड्यांची गल्ली, हॉटेलवाले खरेदी करतात तिथे. आईने मिठाईचे लाकडी साचे सगळे काढायला लावले, माशाचा नको, बदकाचा नको, फुलाचा दाखवा. साचा घेतला, आतून खाचा असलेला मातीचा खल घेतला, आणि एक सुरी. सुरी चेक-इन बॅगेत टाका बरं का, आणि खल कपड्यांत गुंडाळा. आमचा विमानतळावर वजनात बसला, थेपल्यांची जागा रिकामी झालीच होती.